महासंघाचं गुलाबी धोरण

सेंट आरेल फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ऑक्टेव्हियस फॉन्टनेल हातात कोट धरून कचेरीमागच्या धुण्याच्या खोलीत शिरले, तेव्हाच एर्नेस्टीनच्या मनात पाल चुकचुकली. अध्यक्ष त्या खोलीत यापूर्वी कधी फिरकले नव्हते. ती नेमकी कुठे आहे, हेसुद्धा त्यांना वाटेत दोघांना विचारावं लागलं होतं.

कोट नवा होता. गडद लाल, आणि खिशावर सोनेरी जरीत महासंघाचं चिन्ह. दुसऱ्या दिवशी सकाळी महासंघाची वार्षिक सभा होती, सभेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि त्या मंगलप्रसंगासाठी अख्ख्या कार्यकारिणीला असे कोट शिवून मिळाले होते. आदल्या रात्रीच्या मेजवानीत अध्यक्षांनी खेकड्याच्या कालवणाचा पहिला चमचा कोटावरच सांडला होता.

"एर्नी, एवढा धुऊन टाक. उद्या सकाळी घालायचाय."

एर्नेस्टीन महासंघाच्या सगळ्या संघांचे कपडे सांभाळायची. धिप्पाड बाई. आवाज असा, की दोन घरं पलीकडची कोंबडी उडावी. "मशीनमध्ये नाही टाकायचा हा, साहेब. रंग सोडेल."

"परदेशी कापड आहे. परदेशी कापड रंग सोडत नाही."

"मग लॉन्ड्रीत द्या."

"कार्निव्हलची सुट्टी आहे. सगळं गाव बंद आहे."

"मग ठेवा तिथे. दुपारी हाताने धुते. आत्ता मशीनमध्ये पोरींचे शर्ट भरलेत. पांढरे आहेत."

"कुठल्या पोरींचे?"

"आपल्या देशाच्या, साहेब. उद्या दुपारी मॅच आहे त्यांची."

"हां हां, मॅच," अध्यक्ष म्हणाले. लांबच्या नातेवाइकाच्या गुडघेदुखीची बातमी ऐकताना माणसाचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

एर्नेस्टीन मोज्यांची बादली घेऊन अंगणात वाळत घालायला गेली. परत आली तर यंत्र घुमत होतं आणि अध्यक्ष रुमालाला हात पुसत उभे होते. गरम पाण्याचं बटणही त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

"शिकून घे," ते म्हणाले. "नेत्याला सगळी कामं यायला लागतात."

यंत्र थांबलं आणि झाकण उघडलं, तेव्हा आतले सगळे शर्ट गुलाबी झाले होते. जास्वंदीचा किंवा गुलाबाचा गुलाबी नव्हे. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा असतो, तो गुलाबी. कोट आटून एखाद्या शाळकरी मुलाला व्हावा इतका झाला होता. खेकड्याच्या कालवणाचा डाग मात्र शाबूत होता.

अध्यक्षांनी बराच वेळ यंत्रात डोकावून पाहिलं. मग ते करड्या आवाजात म्हणाले, "हे कुणी केलं?"

"तुम्ही," एर्नेस्टीन म्हणाली.

"एर्नी, हा प्रश्न इतका सोपा नाही. याची चौकशी करावी लागेल."

आणि त्यांनी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली.

महासंघाचे सरचिटणीस युस्टेस बाल्थझार हे काटकुळे, सभ्य आणि सदैव घामेजलेले गृहस्थ होते. अध्यक्षांनी काहीही सांगितलं की ते "बघतो, साहेब" म्हणत आणि खरोखरच नुसतं बघत. त्या दिवशीच्या बैठकीतही त्यांनी नुसतं पाहिलं. सदस्यांनी आधी माशाचे वडे मागवले. ते संपल्यावर एकाने पाण्यात दोष असल्याचा संशय व्यक्त केला. दुसऱ्याने यंत्र बनवणाऱ्या देशाचा निषेध केला. तिसऱ्याने उपसमिती नेमण्याची सूचना मांडली, तेव्हा तिच्या अध्यक्षाला गाडी मिळेल का, यावर इतका वाद झाला की शर्टांचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक महिन्याने होती. सामना उद्या होता.

बाहेर व्हरांड्यात डेल्फिन उभी होती. ही महिला संघाची कर्णधार. पोटासाठी विमानतळाच्या अग्निशमन दलात नोकरी करायची आणि कामावरून सुटली की सराव. महासंघाच्या मैदानावर कार्निव्हलचे तंबू ठोकल्यापासून या मुली शाळेमागच्या माळावर, शेळ्या हाकलून, सराव करत होत्या. तरीही त्यांनी मागचे दोन्ही सामने जिंकले होते. उद्या शेजारच्या ग्रां पाल्म बेटाच्या संघाला हरवलं, तर त्या पुढच्या फेरीत जाणार होत्या. सेंट आरेलचा कुठलाच संघ, पुरुषांचा नाही की बायकांचा नाही, तिथवर कधी पोचला नव्हता.

"युस्टेस सर, ऐकलं ते खरं आहे का?"

"थोडंसं खरं आहे."

"गुलाबी थोडंसं झालंय?"

"नाही. गुलाबी पूर्ण झालंय."

डेल्फिनने डोळे मिटले, उघडले. "ठीक आहे. तो निळा सेट आहे ना आपला? तो काढा."

युस्टेस घाम पुसू लागले. निळा संच नाताळात अध्यक्षांनी कार्यकारिणीच्या सदस्यांना आणि मतदार प्रतिनिधींना भेट म्हणून वाटून टाकला होता. निवडणुकीच्या वर्षात माणसाचा हात सढळ होतो.

"म्हणजे आमचे शर्ट लोकांच्या घरी आहेत?"

"सन्मानाने दिलेत, डेल्फिन."

"मग सन्मानाने परत आणू या. चला, बसा जीपमध्ये. मिस एर्नी, तुम्ही पण चला. तुमचा आवाज लागेल."

असे तिघेजण शर्ट गोळा करायला निघाले. खजिनदारांच्या घरी त्यांच्या सासूबाई राष्ट्रीय संघाचा नऊ नंबर घालून कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"काढून देते की," म्हातारी म्हणाली, "पण जावयाने दिलेली ही एकच वस्तू आहे माझ्याकडे. त्याला काय सांगू?"

"सांगा, महासंघाने नेली," एर्नेस्टीन म्हणाली. "त्याला सवय आहे. नेहमी तो नेतो, एवढाच फरक."

उपाध्यक्ष गुत्त्यात डॉमिनो खेळत बसले होते. अंगात शर्ट होता, पण उकडतं म्हणून त्याच्या बाह्या कापल्या होत्या. शर्ट मागितल्यावर त्यांना फार लागलं. "हा माझ्या सेवेचा गौरव आहे," ते म्हणाले.

"कसली सेवा केलीत, काका?" डेल्फिनने विचारलं.

उपाध्यक्षांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग शर्ट काढून दिला आणि उघडेच खेळायला बसले. पंच समितीच्या प्रमुखांनी आपला शर्ट होडीच्या इंजिनावर झाकण म्हणून घातला होता. एका प्रतिनिधीने दिला नाही तो नाहीच. उलट, मत कुणाला द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही, असं त्याने सूचकपणे ऐकवलं.

दिवस कलला तोवर अकराजणींना पुरतील इतके शर्ट जमले. त्यांतल्या दोघींना बाह्या नकोत आणि गोलकीपरला इंजिनाच्या तेलाचा वास चालतो, असं धरलं तर. तिघं नीरफणस भाजणाऱ्या एका गाडीपाशी थांबली. एर्नेस्टीनने गरम फोड फुंकत फुंकत विचारलं, "बरं, समोरच्या पोरी कुठल्या रंगात खेळणार आहेत?"

ग्रां पाल्मच्या महासंघाशी युस्टेसनी स्वतःच बोलणं केलं होतं. आम्ही पांढऱ्यात, तुम्ही...

"निळ्यात," ते म्हणाले.

मग डेल्फिन हसायला लागली. हसता हसता ती जीपच्या चाकाला टेकून खालीच बसली, आणि पुढे पुढे ते हसणं आहे की आणखी काही, हे युस्टेसना नीट कळेना. ते तिच्या शेजारी उकिडवे बसले.

"बाजारातून साधे पांढरे..."

"सगळं गाव बंद आहे, सर."

"हो. तेही खरंच."

"आग लागली तर आम्ही विचारत नाही, आज सुट्टी आहे का म्हणून," डेल्फिन म्हणाली आणि उठून उभी राहिली. "गुलाबी तर गुलाबी. तुम्ही फक्त रेफ्रीला सांगा काय झालं ते. तेवढं जमेल?"

"बघतो," युस्टेस सवयीने म्हणाले, आणि तिच्याकडे पाहून घाईने भर घातली, "सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. अध्यक्ष आटलेला कोट घालूनच आले, कारण बाकी सगळे कोटात असताना आपण एकटेच बिनकोटाचे कसे दिसणार? बाह्या कोपराशी थांबत होत्या. मागच्या रांगेतल्या काही प्रतिनिधींना ती नवी फॅशन वाटली आणि त्यांनी आपल्याही बाह्या वर सरकवल्या. सगळं सुरळीत चाललं असतं. पण विरोधी उमेदवार उभा राहिला आणि गावभर झालेली चर्चा त्याने सभागृहात आणली.

"देशाच्या संघाचे शर्ट गुलाबी झालेत, हे खरं का?"

कुजबुज पसरली. रेडिओवाल्याने पुढे येऊन मायक्रोफोन धरला. अध्यक्ष सावकाश उठले. त्यांच्याजवळ दोन गोष्टी नव्हत्या, खंत आणि उत्तर. पण मायक्रोफोन समोर होता, आणि मायक्रोफोन समोर असला की त्यांना उत्तराची गरज पडत नसे.

"झालेले नाहीत," ते म्हणाले. "केलेले आहेत."

रेडिओवाल्याने मायक्रोफोन आणखी जवळ आणला.

"बंधूंनो, आणि असल्यास भगिनींनो! गुलाबी हा आपल्या बेटाच्या पहाटेचा रंग आहे. आपल्या शंखाच्या पोटातला रंग आहे. आपल्या मुलींनी दुसऱ्यांसारखं पांढरं का घालावं? मी पुष्कळ दिवस विचार केला. आणि काल मी स्वतः, या माझ्या हातांनी, हा बदल घडवून आणला. याला मी नाव दिलंय, गुलाबी धोरण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ठराव मांडला, धोरण एकमताने मंजूर झालं आणि त्याच भरात अध्यक्षही पुन्हा निवडून आले.

"'या हातांनी' तेवढं खरं बोलला," दाराशी उभी असलेली एर्नेस्टीन म्हणाली.

दुपारी मैदानावर युस्टेसनी रेफ्रीला गाठून धुण्यातल्या अपघाताची हकिगत सांगितली. रेफ्री संसारी माणूस होता. "माझ्या घरी पण झालंय असं," तो म्हणाला. "निळ्यापेक्षा वेगळा रंग दिसतोय ना? खेळा."

मुली मैदानात उतरल्या तेव्हा प्रेक्षक खो खो हसले. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी लाडूमिठाई विकल्यासारख्या आरोळ्या ठोकल्या. डेल्फिनने आपल्या मुलींना एकदाच जवळ बोलावलं. "हसू दे. दमतील," एवढंच ती म्हणाली. मग त्या अशा खेळल्या की पहिल्या अर्ध्या तासातच हसणारे दमले. ग्रां पाल्मने एक गोल चढवला, तो यांनी मध्यंतरापूर्वी फेडला. आणि शेवटी शेवटी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डेल्फिनने अशी काही उडी घेतली, की समोरच्या दोघी आणि आपलीही एक बाजूला फेकली गेली, आणि चेंडू डोक्याने जाळ्यात. सगळं मैदान उभं राहिलं. एर्नेस्टीनने युस्टेसना उचललं, आणि त्यांना दोन पायांवर परत ठेवायचं तिला बराच वेळ सुचलं नाही. अध्यक्ष आखूड बाह्यांनिशी मैदानात धावले आणि फोटोत मधोमध उभे राहिले.

पण ग्रां पाल्मवाल्यांनीही रेडिओ ऐकला होता. त्यांनी प्रादेशिक संघटनेकडे तक्रार केली. नियम स्पष्ट होता. कपड्यांना अपघात झाला तर रेफ्री दुसऱ्या रंगाला परवानगी देऊ शकतो. पण आगाऊ मान्यता न घेता कुणी मुद्दाम रंग बदलला, तर तो गुन्हा. सामना समोरच्या संघाला बहाल. आणि सेंट आरेलचे अध्यक्ष तर सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं सांगून बसले होते, की हे मुद्दाम केलंय.

सुनावणी विमानतळाजवळच्या हॉटेलात होती. आदल्या दिवशी युस्टेस अध्यक्षांच्या घरी गेले.

"साहेब, उद्या फक्त 'चुकून झालं' एवढं म्हणा. पोरी पुढे जातील."

"आणि सभेत बोललो त्याचं काय? धोरणावर निवडून आलोय मी! लोक म्हणतील, अध्यक्षाला साधे कपडे धुता येत नाहीत."

"पण साहेब, पोरींनी..."

"पोरी काय, पुन्हा खेळतील. त्यांचं वय आहे. माझी निवडणूक आता थेट चार वर्षांनी."

"बघतो, साहेब," युस्टेस म्हणाले, आणि घरी जाईपर्यंत रस्ताभर त्यांना स्वतःच्या त्या दोन शब्दांची शिसारी येत राहिली.

सुनावणीला प्रादेशिक संघटनेतर्फे अगाथा रेनो नावाच्या निवृत्त न्यायाधीश बसल्या होत्या. बाईंचा चष्मा जाड आणि वाक्यं आखूड.

"रंग अपघाताने बदलला?"

"आमच्या महासंघात काहीही अपघाताने होत नाही," अध्यक्ष बाणेदारपणे म्हणाले.

"म्हणजे जाणूनबुजून."

"पूर्ण विचारांती."

ग्रां पाल्मचे प्रतिनिधी खुर्चीत ऐसपैस टेकून बसले. एर्नेस्टीनला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "साहेबांनी स्वतः मशीनमध्ये कोट टाकला, स्वतः बटण दाबलं. मी नको म्हटलं होतं. आता त्यात विचार किती होता, ते तुम्हीच तोंडाकडे बघून ठरवा."

रेनोबाईंनी खरोखरच चष्म्यावरून अध्यक्षांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "एकच प्रश्न उरतो. या निर्णयात खेळाडूंचा सहभाग असेल, तर सामना गेला. नसेल, तर दोष पदाधिकाऱ्याचा, खेळाडूंचा नाही. महासंघाने हा निर्णय खेळाडूंशी बोलून घेतला होता का?"

"अर्थातच!" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही खेळाडूंना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. सविस्तर चर्चा..."

"नाही," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. युस्टेस उभे होते. आपण उभे आहोत याचं सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं होतं.

"बाई, मी महासंघाचा सरचिटणीस आहे. शपथेवर सांगतो. महासंघाने खेळाडूंना आजवर कधीही काहीही विचारलेलं नाही."

"पुरावा?"

"वाट्टेल तितका आहे," युस्टेस म्हणाले, आणि बांध फुटावा तसं त्यांचं तोंड सुटलं. "यांची प्रशिक्षक बदलली, ते यांना कधी कळलं? एक अनोळखी बाई मैदानात येऊन शिट्टी वाजवायला लागली तेव्हा. मागच्या स्पर्धेची तारीख बदलली, तेव्हा या सगळ्या जुन्या तारखेला मैदानावर जाऊन बसल्या. सरावाचं मैदान आम्ही तंबूवाल्यांना दिलं. ते यांनी तंबू बघून ओळखलं. यांचे निळे शर्ट आम्ही वाटून टाकले, ते परवा या मला शर्ट मागायला आल्या तेव्हा समजलं. बाई, ज्या महासंघाने पोरींना माप विचारून बूटसुद्धा आणले नाहीत, तो रंग कशाला विचारेल?"

"खरंय हे," डेल्फिन जागेवरून म्हणाली. "माझे दोन नंबर मोठे आलेत. पुढे कापूस घालते."

"ही महासंघाची बदनामी आहे!" अध्यक्ष ओरडले.

"नाही," रेनोबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "हा तुमच्या संघाचा बचाव आहे. आणि इतका भक्कम बचाव मी फार दिवसांत ऐकलेला नाही."

निकाल लागला. खेळाडूंना कुणी कधी काही विचारत नाही हे सिद्ध झाल्यामुळे विजय कायम राहिला. मुद्दाम रंग बदलल्याबद्दल ऑक्टेव्हियस फॉन्टनेल यांना सेंट आरेलच्या फुटबॉलमधून वर्षभर बंदी झाली. बाहेर आल्यावर मुलींनी युस्टेसना घेरलं. ते हॉटेलच्या पायरीवर बसून नुसते घाम पुसत होते.

"माझी नोकरी गेली आज," ते म्हणाले.

"काढणार कोण?" एर्नेस्टीन म्हणाली. "काढणाऱ्यालाच काढलाय."

कार्यकारिणीने संध्याकाळच्या आत जाहीर केलं की गुलाबी धोरणाला आपला सुरुवातीपासून विरोध होता. उपाध्यक्ष प्रभारी अध्यक्ष झाले आणि पहिलंच काम म्हणून त्यांनी नव्या कोटांसाठी मापं मागवली. युस्टेस मात्र शेळ्यांच्या माळावर गेले. सराव थांबेपर्यंत कडेला उभे राहिले आणि मग चाचरत म्हणाले, "पुढच्या फेरीसाठी रंग नोंदवायचाय. तुम्हाला कुठला हवा?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आम्हाला विचारताय?" डेल्फिन म्हणाली. "बरं आहे ना, सर? ऊन लागलं का?"

शेवटी त्यांनी गुलाबीच मागितला, आणि युस्टेसनी तो रीतसर मंजूर करून आणला.

पुढची फेरी मुख्य भूमीवर होती. स्टेडियम भलं मोठं, दिवे डोळे दिपवणारे. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. ध्वनिवर्धकावर प्रमुख पाहुण्यांच्या नावाची घोषणा झाली, आणि डेल्फिनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण हिरवळीवर अंथरलेल्या गालिच्यावरून खरोखरच ऑक्टेव्हियस फॉन्टनेल चालत येत होते. अंगात राखाडी रंगाचा, अगदी मापाचा सूट. बंदी फक्त सेंट आरेलपुरती होती, म्हणून प्रादेशिक संघटनेने एवढा अनुभवी माणूस वाया जाऊ नये या विचाराने त्यांना आपला सदिच्छा दूत नेमलं होतं. आता ते एका बेटाऐवजी सगळ्याच देशांच्या फुटबॉलचं भलं पाहणार होते.

ते रांगेपाशी आले. नजर कॅमेऱ्यावर, हसू कॅमेऱ्यासाठी, आणि हात तेवढा खेळाडूंसाठी. डेल्फिनचा हात हातात घेऊन त्यांनी जोरजोरात हलवला.

"शाब्बास, शाब्बास. कुठल्या देशाच्या तुम्ही?"

"तुमच्याच, साहेब," डेल्फिन म्हणाली.

"वा! फार सुंदर देश," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा हात धरला.